डेंगीच्या अळ्या सापडल्या तर घराला दंड करावा का?

कृष्णाकाठ, सांगली:
पावसाळा लागला की आमच्या गल्लीत एकच मागणी, धुराची गाडी कधी येणार? त्या धुरानं उडते डास मरतात, पिंपातल्या अळ्यांना काही होत नाही. डेंगीचा एडिस डास गटारातला नव्हे. तो आपल्याच घरात साठवलेल्या स्वच्छ पाण्यात, कूलरमध्ये, फ्रिजमागच्या ट्रेमध्ये वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण ८ ते १० दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस, म्हणजे पाण्याची भांडी घासून कोरडी करायचा दिवस, पाळायचा. आशाताई दारात येऊन हेच सांगतात, आपण "हो हो" म्हणून दार लावतो. माझं मत स्पष्ट आहे: पहिल्यांदा समज, दुसऱ्यांदा अळ्या सापडल्या तर ५०० रुपये दंड. मुंबई-पुण्यात करतात, इथं का नको? माझ्या पिंपातला डास शेजारच्या लेकराला चावतो.

जतचा माणूस:
दादा, तुमच्या नळाला रोज पाणी येतंय म्हणून हे सुचतंय. आमच्या वाडीवर उन्हाळ्यात आठ-आठ दिवस पाणी न्हाई. टँकर आला की घागर, बॅरल, हौद, गावंल ते भरून ठेवायचं. बायामाणसांनी डोईवरनं आणलेलं ते पाणी कोरड्या दिवसाच्या नावानं ओतून द्यायचं? आधी पाणी द्या, मग पावती फाडा.

विश्रामबागकर:
दंडाला पाठिंबा. सुरुवात बांधकामावरच्या टाक्यांपासून करा.

आरोग्यसेविका, मिरज तालुका:
जतच्या दादांचं मला पटतं, पण भरलेलं पाणी ओता असं कुणीच सांगत नाही. झाकण नसेल तर जुन्या लुगड्याचं कापड ताणून बांधा. भांडं रिकामं झालं की आतून काथ्यानं घासा. एडिसची अंडी पाण्याच्या जरा वर काठाला चिकटलेली असतात, सुकली तरी कित्येक महिने टिकतात आणि पाणी भरलं की फुटतात. नुसतं विसळून ती निघत नाहीत. हौद कधीच रिकामा होत नसेल तर अळ्या खाणारे गप्पी मासे सोडा.

दंडाला मात्र माझा विरोध आहे. आज बाया मला न्हाणीपर्यंत जाऊ देतात. हातात पावतीपुस्तक दिसलं की दार उघडणार नाहीत, घरात तापाचं माणूस असलं तरी बोलणार नाहीत. आणि तेच तर मला आधी कळायला हवं. तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत रुग्णाला चावलेला डास पुढं रोग नेतो. हा डास दिवसा चावतो, म्हणून त्या माणसाला दिवसासुद्धा मच्छरदाणीत ठेवावं लागतं.

कृष्णाकाठ, सांगली:
ताई, कापडाचं मान्य. पण टायरवाल्याच्या ढिगाला समजुतीनं काय होणार? आणि नळाला रोज पाणी असूनही तीनदा सांगून जो पिंप घासत नाही, त्याला मी तरी सोडणार नाही.

जतचा माणूस:
टायरवाल्याला लावा की, कोण न्हाई म्हणतंय! आमच्याकडं यायच्या आधी टँकरचा वार तेवढा ठरवा. मंगळवारी म्हणजे मंगळवारीच यायला पायजे. मग सोमवारी रात्री बॅरल घासून उपडं घालायची जबाबदारी आमची.