नागपुरातील अंगण, गच्ची आणि ऋतूंची फुले : आपापले अनुभव लिहावेत

बागकामाविषयीचे मराठी लेखन वाचताना नागपूरकरांची एक अडचण नेहमी होते. बहुतेक वेळापत्रके पुण्या-नाशिकच्या हवेला धरून लिहिलेली असतात आणि ती आपल्याकडे लागू पडत नाहीत. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, नवतपात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत, दुपारची हवा अंगाला चटके देते आणि डिसेंबर-जानेवारीतल्या एखाद्या पहाटे तोच पारा १० अंशांच्या खाली उतरतो. जमीन काळी, कसदार, पण पावसात चिकट आणि उन्हाळ्यात भेगाळलेली. इतक्या टोकाच्या हवेत आपल्या घरांभोवती वर्षभर काही ना काही फुलत असते, याचे मला फार अप्रूप वाटते आणि त्याची नोंद इथल्याच माणसांनी करावी असे मनापासून वाटते. म्हणून विनंती अशी, की आपल्या अंगणात, गच्चीवर, गॅलरीत किंवा रोजच्या रस्त्यावर कोणत्या ऋतूत काय बहरते, ते कशामुळे बहरते असे आपल्याला वाटते आणि कडक महिन्यांत ती हिरवळ आपण कशी राखता, हे सविस्तर लिहावे. वस्तीचे नाव अवश्य द्यावे, कारण फुटाळा तलावाच्या काठची हवा आणि इतवारीच्या बाजारपेठेतली हवा एक नसते.

सुरुवात मी करतो. लक्ष्मीनगरातील आमच्या कुंपणावर जुनी बोगनवेल आहे. पावसाळ्यात ती नुसती पालवते आणि काट्यांसकट रस्त्यावर झेपावते, तेव्हा तिच्यावर रंग जवळजवळ नसतो. थंडी ओसरू लागली की मी तिचे पाणी कमी करतो, शेणखत तर मुळीच घालत नाही, आणि माती वरून वाळून खडखडीत झाली की ती गडद राणी रंगाने भरून जाते. हा रंग ज्यांचा असतो ती पाकळ्यांसारखी दिसणारी पाने असून खरे फूल त्यांच्या आत असते, बारीक, पांढरे आणि नळीच्या आकाराचे. ऐन एप्रिलमध्ये शेजारची हिरवळ करपत असताना या वेलीला बहर येतो, हे पाहत आल्यामुळे माझी अशी समजूत झाली आहे की इथली पुष्कळ झाडे कोरड्या दिवसांच्या जोरावरच फुलतात. आपल्या अनुभवांतून तिला दुजोरा मिळतो की नाही, हे वाचण्यास मी उत्सुक आहे.

काटोल रोड

दादा, आपल्या म्हणण्याला सर्वांत मोठा दुजोरा संत्रा देतो. आमचे मूळ घर काटोलकडचे, तिथे वडिलोपार्जित बाग होती, आणि शहरात घर बांधले तेव्हा वडिलांनी आग्रहाने मागच्या अंगणात संत्र्याची झाडे लावली. संत्र्याला बारा महिने सारखे पाणी दिले, तर ते थोडे थोडे केव्हाही फुलते आणि कोणताच बहर धड लागत नाही. म्हणून बागायतदार एक बहर धरतात. आंबिया, म्हणजे थंडी सरताना फुलणारा, बहर घ्यायचा असेल, तर डिसेंबरात झाडाचे पाणी तोडायचे आणि त्याला ताण द्यायचा. पाने मलूल होऊन काही गळू लागली की ताण बसला असे समजायचे. मग जानेवारीत आळे मोकळे करून, खत घालून पहिले पाणी हलके आणि पुढची पाणी चढत्या मापाने द्यायची, म्हणजे नवती, म्हणजे कोवळी पालवी, फुटते आणि तिच्याबरोबर कळ्या येतात. मृग बहराला हेच काम मे महिन्याचे ऊन आपणहून करते आणि जूनचा पाऊस तो ताण मोडतो. आंबियाची फळे दिवाळीच्या आगेमागे हाती येऊ लागतात आणि मृगाची फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये.

वडील एक गोष्ट नेहमी सांगत, ती घरच्या झाडांनाही लागू आहे. भारी काळ्या जमिनीत ओल खोलवर टिकते, त्यामुळे तिथे ताण बसायला वेळ लागतो, आणि मुरमाड हलक्या जमिनीत तो लवकर बसतो. म्हणून शेजाऱ्याच्या तारखा पाहून पाणी तोडू नये, झाडाच्या पानांकडे पाहावे. लहान झाडाला आणि पहिल्या काही वर्षांत तर ताण देऊच नये, कारण त्याची मुळे तेवढी खोल गेलेली नसतात.

फेब्रुवारीत ही झाडे फुलतात तेव्हा सकाळी मागचे दार उघडले की पांढऱ्या फुलांचा तीव्र, गोड वास थेट स्वयंपाकघरात येतो आणि दिवसभर मधमाश्यांची ये-जा चालू राहते. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आम्हां सर्वांना अभिमान आहे, पण हे फळ खाणाऱ्या किती जणांना त्याचे फूल ठाऊक असेल, असा विचार मनात येतो. ज्यांच्याकडे थोडीशी उघडी जमीन आहे त्यांनी हे झाड केवळ फुलांसाठीसुद्धा लावावे. पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या आढळल्या, तर त्या काळ्या-पिवळसर ठिपक्यांच्या फुलपाखराच्या असतात. झाड मोठे असेल तर मी त्यांना हात लावत नाही.

सिव्हिल लाइन्स

मी निवृत्त शिक्षिका आहे आणि माझ्या सदनिकेला अंगण नाही, तेव्हा रस्त्यावरची झाडे हीच माझी बाग आहे. त्यांच्या फुलण्याचा क्रम मला पाठ झाला आहे. थंडी संपता संपता निष्पर्ण काटेसावरीवर जाड, लाल फुले येतात आणि मैना, बुलबुल, कावळे त्यांतला रस पिण्यासाठी सकाळपासून भांडतात. त्याच सुमारास गोरेवाड्याच्या बाजूला आणि हिंगण्याच्या वाटेवर पळस पेटतो. गुढीपाडव्याच्या आसपास कडुनिंबाला तांबूस पालवी आणि बारीक पांढरा मोहोर येतो, ज्याचा वास संध्याकाळी अधिक जाणवतो. नंतर नीलमोहराचा जांभळा सडा पडतो, आणि एप्रिल सरत आला की बहाव्याचे पिवळे घोस लोंबू लागतात. मे महिन्यात गुलमोहर, सोनमोहर आणि आपले राज्यपुष्प असलेला ताम्हण हे तिघे थोड्याफार फरकाने एकाच वेळी फुललेले असतात, आणि वर्षातल्या सर्वांत असह्य दिवसांत रस्ते सर्वांत रंगीत असतात. बहावा फुलला की दीड महिन्यात पाऊस येतो असे जुने लोक म्हणत. मी तो ठोकताळा मानत नसले, तरी दरवर्षी मनात हिशेब करतेच.

पळसाच्या फुलांना वास नसतो, परंतु रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी उकळली की सुरेख केशरी-पिवळा रंग उतरतो. आमच्या संकुलातील मुलांना मी होळीसाठी हा रंग करायला शिकवला आहे. फुले झाडावरून तोडायची नाहीत, खाली पडलेली तेवढीच वेचायची, हा नियम मुले कसोशीने पाळतात, कारण पळसावर शिंजीर, म्हणजे फुलांतला रस पिणारे छोटे पक्षी, येतात हे त्यांनी स्वतः पाहिले आहे.

त्रिमूर्तीनगर

शेवंतीविषयी लिहितो. आमच्या पुढच्या गॅलरीत शेवंतीच्या कुंड्या होत्या आणि त्यांना दरवर्षी नोव्हेंबरात फुले येत. रस्त्यावर नवे, प्रखर पांढरे दिवे लागले त्या वर्षी झाडे तजेलदार होती, पण कळ्या धरेनात. त्याच रोपांपासून केलेल्या आणि मागच्या गॅलरीत ठेवलेल्या कुंड्या मात्र भरगच्च फुलल्या. शेवंती ही रात्र मोठी होऊ लागली की कळी धरणारी वनस्पती आहे, आणि रात्रीच्या अंधारात खंड पडला तर तिच्या लेखी रात्र लहानच राहते. आता गणपती उठले की मी सर्व कुंड्या मागे नेतो आणि कळ्या मोठ्या झाल्या की पुढे आणतो.

हिवाळा हा नागपूरच्या गच्चीचा खरा उत्सव आहे. पेटुनिया, फ्लॉक्स, झिनिया, डेलिया यांची रोपे पावसाळा संपताना तयार करावीत आणि गुलाबाची छाटणी दसऱ्यानंतर करावी, म्हणजे साधारण दीड-दोन महिन्यांत पहिली फुले येतात. मार्चच्या मध्यानंतर या हंगामी फुलांना वाचवण्याची धडपड करू नये. त्यांचे बी धरावे आणि कुंड्या मोकळ्या कराव्यात.

महाल

आमच्या जुन्या वाड्याच्या मागे थोडी पडीक जागा आहे आणि ती मी मुद्दाम साफ करू देत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते, त्या सकाळी दाराशी पळसाच्या फांद्या ठेवण्याची आमच्याकडे रीत आहे. त्यानंतर चारच दिवसांत गणपती आणि पाठोपाठ महालक्ष्म्या येतात, आणि या साऱ्यांना लागणारी पत्री पावसाने त्याच जागेत उगवलेली असते. आघाडा, केना, माका आणि दूर्वा तिथे आपोआप येतात, तर बेल, शमी, कण्हेर आणि तगर माझ्या सासूबाईंनी लावलेली आहेत. तेरडा एकदा लावला की पुन्हा लावावा लागत नाही, कारण त्याची पिकलेली बोंडे बोटाचा स्पर्श होताच फुटतात आणि बी दूरवर उडते. नातवंडांना त्याचे फार कौतुक आहे.

ज्याला लोक तण म्हणतात त्यातले निम्मे आपल्या पूजेत आहे. सणाच्या आदल्या दिवशी सीताबर्डीच्या फूलबाजारातून पत्रीची जुडी विकत आणताना हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. अंगणाला फरशी घालणाऱ्या प्रत्येकाने एक कोपरा तरी उघडा ठेवावा, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

नंदनवन

आमच्याकडे उन्हाळ्यातली हिरवळ कूलरच्या आधाराने टिकते. मागच्या अंगणात खिडकीला कूलर लावलेला असतो आणि त्याच्या आजूबाजूची हवा दमट व थोडी गार राहते. मनी प्लांट, नेचे आणि लहान रोपे मार्च ते जून त्याच्याजवळ सावलीत ठेवली की ती टवटवीत राहतात. मात्र कूलरच्या टाकीत उरलेले पाणी कुंड्यांना घालू नये, हे मला सर्वांना आवर्जून सांगायचे आहे. कूलरच्या बाजूंच्या गवती ताट्यांवरून पाणी फिरते तेव्हा त्यातले शुद्ध पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. रोज वरून नवे पाणी भरत गेलो की क्षारांचे प्रमाण वाढत जाते, आणि ते कुंडीच्या मर्यादित मातीत साठले की पानांच्या कडा करपतात. डासांमुळे टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करावीच लागते, तेव्हा ते पाणी कुंपणाजवळच्या कडुनिंबाला दिले, तर त्याचे काही बिघडत नाही.

बेसा

माझा अनुभव छोटा आहे. रेन लिलीचे कंद मी कुंपणाच्या कडेने लावले आहेत. उन्हाळाभर तिथे काही आहे असे वाटतही नाही, आणि वळवाची एक सर पडून गेली की थोड्याच दिवसांत गुलाबी फुलांची रांग उभी राहते. नळाच्या पाण्याने ती इतकी एकदम फुलत नाही. कुंतीचेही तसेच आहे. तापलेल्या दिवसांनंतर पाऊस आला की सगळे झुडूप एकाच वेळी पांढरे होते आणि वास गल्लीच्या टोकापर्यंत जातो. कुंती ही संत्र्याच्याच कुळातली आहे, त्यामुळे काटोल रोडच्या काकांनी लिहिलेला ताण तिच्याही उपयोगी पडत असावा.

मनीषनगर

मी मूळची रत्नागिरीची, लग्नानंतर नागपूरला आले. माहेरी जास्वंद बारमाही फुलते, इथे मे महिन्यात तिच्या कळ्या उमलण्याआधीच गळून पडतात, याचे सुरुवातीला फार वाईट वाटे. पुढे शेजारच्या काकूंनी मधुमालतीची फांदी दिली आणि माझी तक्रार संपली. तिचे फूल संध्याकाळी पांढरे उमलते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते आणि मग लाल, त्यामुळे एकाच घोसात तिन्ही रंग दिसतात. पांढऱ्या, सुवासिक फुलांवर रात्री पतंग येतात आणि रंग चढलेल्या फुलांवर दिवसा मधमाश्या. आता माझा एक प्रश्न आहे. आमच्या नव्या घराची गच्ची पश्चिमेकडे उघडी आहे आणि तिथे दुपारी दोनपासून मावळतीपर्यंत ऊन असते. अशा ठिकाणी काय टिकेल?

लक्ष्मीनगर

ताई, पश्चिमेच्या उन्हात बोगनवेल, सदाफुली, कण्हेर, चाफा आणि शंकासूर निर्धास्त लावा. मोगराही चालेल, मात्र त्याला मार्चपासून रोज पाणी हवे आणि फुलांचा एक भर ओसरला की शेंडे हलके छाटायला हवेत. नुसती काळी माती कुंडीत भरू नका. ती वाळली की आकसून कडा सोडते आणि घातलेले पाणी कडेने खाली निघून जाते, म्हणून तिच्यात जाडसर रेती आणि कुजलेले शेणखत मिसळा. एप्रिल ते जून ५० टक्के सावलीची हिरवी जाळी पश्चिमेच्या बाजूने उभी बांधा, कारण डोक्यावरच्या जाळीने तिरपे ऊन अडत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंबाची पाने गळतात ती पोत्यात भरून ठेवा आणि उन्हाळ्यात कुंड्यांमधल्या मातीवर पसरा. कुंड्या थेट स्लॅबवर न ठेवता विटांवर ठेवा आणि पाणी सूर्योदयापूर्वी द्या. नवी रोपे आता आणू नका. मृगाचा पाऊस दोन-तीनदा चांगला होऊन गेला की आणा, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्यांना मुळे धरायला पुरेसे महिने मिळतात.