नाइटिंगेलबाईंच्या हातातला दिवा आता खाली ठेवायचा का?

आकडेमोड (धागाकर्ता)
१२ मे, म्हणजे नाइटिंगेलबाईंचा वाढदिवस, आला की नर्सिंग कॉलेजांत ठरलेला कार्यक्रम असतो: पांढरा गणवेश, हातात पणती आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाची शपथ. ही शपथ बाईंनी लिहिलेलीच नाही. १८९३ साली अमेरिकेत, डेट्रॉइटला ती तयार झाली आणि नाव यांचं लागलं. रात्री जखमी सैनिकांमधून फेरी मारताना त्यांच्या हातात असायचा तो दिवासुद्धा चित्रातल्यासारखा अल्लाउद्दिनछाप नव्हता. घडीचा तुर्की कंदील होता.

रशियाविरुद्धच्या क्रिमियाच्या युद्धात त्या तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या ब्रिटिश लष्करी इस्पितळात नोव्हेंबर १८५४ ला पोचल्या आणि १८५६ च्या उन्हाळ्यात परतल्या. पुढे ५४ वर्षं जगल्या, त्यातली कितीतरी अंथरुणाला खिळून, पण पत्रं, अहवाल आणि तक्ते यांच्या ढिगाऱ्यात. १८५८ चा पाकळ्यांचा तक्ता बघा. निळ्या भागात टाळता येण्याजोग्या रोगांनी गेलेले सैनिक, लाल भागात जखमांनी गेलेले. निळ्यापुढे लाल अगदी चिमूटभर. सैन्य शत्रूपेक्षा घाणीने मरतंय, हे मंत्र्यासंत्र्यांना बघताक्षणी कळावं एवढ्यासाठी केलेला उद्योग.

हे सोडून आपण दिवाच का धरून बसलो? कारण त्यागमूर्ती पगारवाढ मागत नाही. माझ्या मते दिव्याचा सोहळा बंद करावा.

रात्रपाळी
सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. पगाराचं म्हणालात ते सोळा आणे खरं. सोहळा बंद करायला मात्र माझा विरोध.

रात्री अडीचला फेरी मारताना पेशंट गाढ झोपलेला दिसतो. सलाईन नीट चालू, नाडी ठीक. चादरीखाली हात घातला की ओलं लागतं, ऑपरेशनची जखम पाझरत असते. हे सकाळच्या राउंडपर्यंत राहिलं तर काय होतं ते सांगायला नको. दिवा म्हणजे आमच्या लेखी हे उठून जाऊन बघणं. तुमचे तक्ते आमच्या टीपीआर चार्टवरच (ताप, नाडी, श्वास यांची नोंद) उभे राहतात ना? तो रात्रीचा कोण भरतं?

इतिहासाचा किडा
माझा दोघांनाही विरोध, रांगेत उभे राहा.

बाई पोचल्यावर पहिल्या हिवाळ्यात स्कुटारीतले मृत्यू वाढले. फेब्रुवारी १८५५ मध्ये दर १०० रुग्णांमागे ४२ च्या आसपास! मार्चमध्ये लंडनहून सॅनिटरी कमिशन, म्हणजे स्वच्छता आयोग, आलं. त्यांनी इस्पितळाखालची तुंबलेली गटारं उपसली, मेलेली जनावरं हलवली, हवा खेळती केली. जूनपर्यंत आकडा २ च्या घरात. श्रेय कंदिलाला.

शिवाय मेरी सीकोल. जमैकाची ही बाई स्वतःच्या हिमतीवर क्रिमियातल्या बालाक्लाव्हाजवळ जाऊन जखमींना मदत करत होती. लंडनमध्ये तिचा पुतळा उभा राहायला २०१६ उजाडलं.

आणि नर्सेसची सरकारी नोंदणी? नाइटिंगेलबाई कट्टर विरोधात. परीक्षेने चारित्र्य मोजता येत नाही म्हणे. इंग्लंडात नोंदणीचा कायदा १९१९ ला झाला, त्या गेल्यावर ९ वर्षांनी.

आकडेमोड
अहो, गटारांचा हिशेब तर माझ्याच बाजूचा! ते आकडे बाईंनीच लष्कराच्या तोंडावर मारले, स्वतःच्या इस्पितळातली मरणं धरून. किती अधिकारी असं करतात? नोंदणीबद्दल त्यांची बाजू घेणार नाही.

सदाशिवकर
गोऱ्या सोजिरांची काळजी वाहणारी बाई, आपल्याला काय तिचं?

इतिहासाचा किडा
@सदाशिवकर, मी टीकाकार असलो तरी हे चालू देणार नाही. सुरुवात सोजिरांपासून झाली हे खरं. भारतातल्या लष्कराच्या आरोग्यासाठी १८५९ ला आयोग नेमला, तेव्हा बाईंनी इथल्या छावण्यांना प्रश्नावल्या धाडल्या. १८६३ च्या अहवालात गोऱ्या सैन्याचा मृत्युदर हजारी ६९ निघाला. पण तिथे त्या थांबल्या नाहीत. दुष्काळ, पाटबंधारे, सावकारी यांवर लिहीत राहिल्या. खेड्यांच्या स्वच्छतेवर तुमच्याच पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता. भारतात पाऊल न ठेवता!

सदाशिवकर
सार्वजनिक सभेचं माहीत नव्हतं. तरी लंडनच्या खोलीत बसून आमच्या विहिरींबद्दल सल्ले देणं मला खटकतंच. त्यांना सल्ला द्यायला कुणी बोलावलं होतं?

रात्रपाळी
नोंदणीवरून बोलायचं राहिलं. तिथे बाई साफ चुकल्या. नोंदणी नसती तर चार दिवस मलमपट्टी शिकून कुणीही सिस्टर म्हणून उभं राहिलं असतं. लहानसहान दवाखान्यांत आजही राहतातच, आणि इंजेक्शन चुकलं की नाव सगळ्या सिस्टरांचं खराब.

आकडेमोड
मग शपथेचं काय करायचं ताई? ती तर त्यांची नाहीच.

रात्रपाळी
१८९३ च्या मसुद्यात डॉक्टरांना त्यांच्या कामात निष्ठेने साहाय्य करीन, अशी ओळ आहे. आम्हीही ती म्हटली होती. ती आधी काढा, आणि तिथे नर्समागे पेशंट किती असावेत ते घाला. पणतीला हात लावू नका. निघते, आधीच्या पाळीकडून ओव्हर घ्यायची वेळ झाली.