मल्टिफंक्शन मशीनवरून जपानला फॅक्स: इसीएम (चूक-दुरुस्तीची सोय), स्पीड, रिडायल कसं ठेवावं?

चाकणची_कचेरी
नागोयाच्या पार्टीला आठवड्यातून दोन-तीनदा सही-शिक्क्याची ड्रॉइंग पाठवावी लागतात आणि ती त्यांना फॅक्सवरच हवी असतात. मशीन लेझर, ए४ फीडरवालं. लाइन फायबरच्या डब्यातून इपीएबीएक्सला (ऑफिसच्या अंतर्गत फोन एक्स्चेंजला) आणि तिथून एक्स्टेंशन मशीनला. एक पान जातं, पण चार पानांचा सेट दुसऱ्या-तिसऱ्या पानावर तुटतो. पोचलेल्या पानांवरची बारीक मापं तिकडे वाचता येत नाहीत. सध्या मोड फोटो आणि स्पीड ऑटो आहे. काय बदलू? ड्रॉइंग चुकीच्या नंबरला जाऊ नये म्हणून काही सोय असते का?

तारजोड
सेटिंगला हात लावण्याआधी तार बघा. इपीएबीएक्स मधून काढा आणि फायबरच्या डब्यावरच्या फोन पोर्टमधून सरळ वायर मशीनच्या 'लाइन' लिहिलेल्या खाचेत घाला. शेजारची 'एक्स्ट' किंवा 'टेल' ही खाच हँडसेटसाठी असते. दोन्ही दिसायला सारख्या, त्यामुळे इथे हमखास गल्लत होते. वायरीवर स्प्लिटर किंवा समांतर फोन नको.

इपीएबीएक्स मधूनच न्यायची असेल तर एक्स्टेंशन ॲनालॉग आहे ना, याची खात्री करा. डिजिटल एक्स्टेंशनच्या व्होल्टेजने मशीनचा मोडेम खराब होऊ शकतो. नंबरही मग ०, पॉज, ००, ८१, ५२ आणि पुढचे आकडे असा साठवा. बाहेरची डायलटोन येण्याआधीच आकडे गेले तर पहिले एक-दोन गिळले जातात. नागोयाचा कोड तिकडे ०५२ असा लिहितात, त्यातलं सुरुवातीचं शून्य इथून गाळायचं.

कॉल वेटिंग बंद करून घ्या. फॅक्स चालू असताना ती बीप आली की मोडेमची लय तुटते.

आता मूळ कारण. फायबरवरचा 'लँडलाइन' म्हणजे आवाजाची पाकिटं. बोलताना एखादं पाकीट हरवलं तर कानाला कळत नाही, मोडेमला मात्र लगेच कळतं. सेकंदाला ३३६०० बिटच्या स्पीडला (व्ही.३४) सगळ्यात जास्त. म्हणून सेवा देणाऱ्याला दोनच प्रश्न विचारा: या पोर्टवर टी.३८ (पाकिटांतून फॅक्स नेण्याची खास पद्धत) चालू आहे का, आणि नसेल तर कोडेक (आवाज पाकिटांत भरण्याची पद्धत) जी.७११, म्हणजे फारसा न दाबणारा, आहे ना? जी.७२९ असेल तर मशीनवर काहीही करा, फॅक्स नीट जाणार नाही. तो कोडेक माणसाच्या आवाजासाठी दाबून बनवलेला आहे.

टोनर_ट्रे
ब्रदरचं मशीन असेल तर इनिशियल सेटअपमध्ये 'कम्पॅटिबिलिटी' शोधा आणि 'बेसिक (फॉर व्हीओआयपी)', म्हणजे इंटरनेटवरच्या फोनसाठीचं, करा. स्पीड ९६०० वर येतो, इसीएम बंद होतं आणि पानं अडकत नाहीत. एचपी लेझरजेटवर फॅक्स स्पीड फास्ट, मीडियम, स्लो असा असतो, म्हणजे अनुक्रमे व्ही.३४ (३३६००), व्ही.१७ (१४४००) आणि व्ही.२९ (९६००). कॅननवर 'टीएक्स स्टार्ट स्पीड' (पाठवायला सुरुवात करण्याचा स्पीड) मध्ये सरळ आकडाच निवडता येतो.

मापपट्टी
टोनर_ट्रे, साध्या पत्रासाठी हे ठीक. ड्रॉइंगसाठी इसीएम बंद करू नका, हे कळकळीने सांगते. इसीएममध्ये पान छोट्या फ्रेम्समध्ये जातं आणि खराब फ्रेम्स पलीकडचं मशीन परत मागतं. ते बंद असलं की पान थांबत नाही खरं, पण बिघडलेल्या ओळी तशाच छापल्या जातात किंवा गळतात. १२.५ मधला दशांश बिंदू एखाद-दोन ओळींचाच असतो. तो गळला की तिकडे १२५ वाचलं जाईल आणि तुमच्या रिपोर्टवर तरीही 'ओके' असेल. इसीएम असताना निदान फॅक्स तुटतो आणि तुटला हे कळतं.

म्हणून इसीएम चालू आणि स्पीड १४४००. तरी तुटलं तर ९६००. व्ही.३४ ला इसीएम लागतंच, पण खालच्या स्पीडला दोन्ही वेगवेगळं ठरवता येतं. ज्या मशीनवर 'बेसिक' मध्ये दोन्ही एकत्र बांधलेत तिथे 'नॉर्मल' ठेवा, ते १४४०० असतं.

आता फोटो मोड. तो आधी बदला, अर्धा त्रास त्याचाच आहे. फोटो मोड करड्या छटांचे ठिपके पाडतो आणि ठिपके दाबले जात नाहीत, त्यामुळे पान कितीतरी पट जड होतं. ९६०० म्हणजे सेकंदाला १२०० बाइट. ६० केबीचं पान ५० सेकंदांत जाईल. तेच फोटोमध्ये ३०० केबी झालं तर चार मिनिटांच्या वर, आणि लाइन जितका वेळ धरून ठेवाल तितकी तुटायची शक्यता जास्त. मोड टेक्स्ट, रिझोल्यूशन फाइन (इंचाला २०४×१९६ ठिपके), गडदपणा एक घर वर. स्टँडर्डला उभ्या दिशेने इंचाला ९८ च ओळी मिळतात, त्यात ३ आणि ८ सारखे दिसतात. सुपरफाइनला वेळ फाइनपेक्षा बराच वाढतो, तेव्हा तो मापांची गर्दी असलेल्या पानापुरताच वापरा.

ए३ ड्रॉइंग ए४ वर आणलं की अक्षर ७१ टक्क्यांवर येतं. अशा वेळी दोन भागांत ए४ काढा.

एक तपासणी: त्याच पानाची फीडरमधून साधी कॉपी काढा. कॉपीवरही उभी काळी रेघ आली तर दोष लाइनचा नाही. फीडरखालच्या अरुंद काचपट्टीवर व्हाइटनर किंवा शाईचा कण चिकटलेला असतो. मोठी काच पुसून तो जात नाही, ती पट्टीच ओल्या सुती कापडाने पुसा.

चाकणची_कचेरी
डायरेक्ट वायर, टेक्स्ट, फाइन, १४४००, इसीएम चालू. चारही पानं गेली. आता रिडायल, वेळ आणि रिपोर्ट?

तारजोड
मेमरी ट्रान्समिशन ठेवा, डायरेक्ट सेंड नको. आधी सगळी पानं स्कॅन होतात, त्यामुळे हेडरवर १/४, २/४ असं येतं आणि एखादं पान कमी पोचलं तर तिकडच्याला लगेच कळतं. रिडायल ३ वेळा, मध्ये ५ मिनिटं.

जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. डिलेड सेंडला (ठरवलेल्या वेळी आपोआप पाठवण्याची सोय) पहाटे ५:३० दिले तर तिकडे सकाळचे ९. पण मशीनचं घड्याळ आधी बरोबर करा, हेडरवरची तारीख-वेळ तिथूनच जाते. ब्रदरवर परदेशी लाइनच्या अडथळ्यांसाठी 'ओव्हरसीज मोड' असतो. तो एका फॅक्सनंतर आपोआप बंद होतो, म्हणून दर वेळी लावावा लागेल.

मापपट्टी
ट्रान्समिशन रिपोर्ट 'नेहमी', पहिल्या पानाच्या प्रतिमेसह. 'ओके' चा अर्थ पलीकडच्या मशीनने पान घेतलं एवढाच. तिकडे कागद संपला असेल तर ते मेमरीत पडून राहतं, म्हणून पानांची संख्या त्यांच्याकडून ईमेलवर मागवा.

नंबरसाठी: ॲड्रेस बुकमध्ये एकदाच भरा, चाचणीचं कोरं पान पाठवून खात्री करा, मग डायल पॅडवरून थेट डायल करणं बंद करा. ब्रदरवर ते डायल रिस्ट्रिक्शनमध्ये आहे. कॅननवर हाताने टाकलेला नंबर दुसऱ्यांदा टाकायला लावणारी सेटिंग आहे, ती चालू करा. रिडायलचं बटण दाबताना स्क्रीनवरचा नंबर वाचा. शेवटचा फॅक्स दुसऱ्याच पार्टीला गेलेला असू शकतो.