होलो नाईट: मँटिस लॉर्ड्सपाशी अडकलेय, मदत हवी आहे

होलो नाईट हा व्हिडिओ गेम खेळून संपवलेलं कोणी आहे का इथे? मी फंगल वेस्ट्स या भागाच्या तळाशी मँटिस लॉर्ड्स या तिघी बॉसपाशी (मोठ्या शत्रूंपाशी) अडकलेय आणि कळत नाहीये की इथेच हट्टाने बसावं की सोडून दुसरीकडे फिरून यावं.

आधी माझ्याकडे काय आहे ते सांगते. ग्रीनपाथ भागात हॉर्नेट या बॉसला हरवून डॅश (झपकन पुढे सरकणं) मिळालाय, मँटिस क्लॉ आहे त्यामुळे भिंती चढता येतात, नेल (आपलं हत्यार) अजून सुरुवातीचंच, मास्क (म्हणजे जीव) पाच, नॉच (चार्म लावायच्या जागा) तीन. पहिली लॉर्ड एकटी येते तेव्हा काहीच प्रॉब्लेम नाही, तिच्या चालीच तीन, वरून सरळ खाली येते, जमिनीलगत सपकन आडवी जाते नाहीतर भिंतीला चिकटून ते गोल फिरत परत येणारं पातं फेकते, आणि प्रत्येक चालीआधी एक क्षण ती पोझ घेते त्यामुळे काय येणार ते दिसतं. पण ती पडली की उरलेल्या दोघी एकदम उठतात आणि मग माझं एकीकडे लक्ष असेपर्यंत दुसरी येऊन गेलेली असते. डॅश केला तरी अंगाला लागलं की लागलंच, त्याने नुसतं लांब जाता येतं. आणि सोल (हील व्हायला लागणारी ऊर्जा) भरलेला असूनही फोकस करायला, म्हणजे हील व्हायला, उभं राहायची सवडच देत नाहीत बायका!

तरी खरं सांगू का, चिडचिड होत नाही. मेले की दर वेळी नेमकं कशामुळे मेले ते कळतं, गेमने फसवलं असं एकदाही वाटलं नाही. बाकीच्या बॉसपेक्षा मला ही फाइट जास्त आवडलीये, हरत असून.

आता प्रश्न. सिटी ऑफ टिअर्समध्ये नेलस्मिथ आहे म्हणे, २५० जिओमध्ये (गेममधले पैसे) पहिलं अपग्रेड देतो, नेलचा डॅमेज ५ वरून ९ होतो. म्हणजे जवळजवळ दुप्पटच की. फॉल्स नाईट या बॉसकडून मिळालेलं, शहराचं दार उघडणारं क्रेस्ट माझ्याकडे आहे, पण त्या दारातून आत गेलं की ते मागे बंद होतं आणि परत यायला दुसरा रस्ता शोधावा लागतो असं वाचलं म्हणून थांबलेय. तुम्ही लोक आधी शहरात गेलात की याच नेलने भागवलंत?

दुसरं, चार्म विकणाऱ्या सलुब्राकडे लाँगनेल (नेल लांबवर पोचवणारा चार्म) ३०० ला आहे, दोन नॉच खातो. क्विक फोकस (लवकर हील करणारा) ८०० चा, तो तीनही नॉच घेतो. माझा कल लाँगनेलकडे आहे, उरलेल्या नॉचमध्ये कंपास (नकाशावर आपली जागा दाखवणारा चार्म) ठेवता येईल, पण बॉसच्या खोलीत कंपासचा काय उपयोग म्हणा. या दोघींसमोर हील लवकर होणं जास्त कामाचं की लांबून मारता येणं?

मध्ये डोकं शांत करायला स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा गेम लावते, पण तिथला मासे पकडायचा प्रकारसुद्धा काही कमी नाही, त्यावर वेगळा धागा काढावा लागेल.

याचा पुढचा गेम सिल्कसाँग मी हा संपल्यावरच घेणार आहे, तेव्हा त्यातलं काही सांगू नका. आणि लॉर्ड्सच्या मागे डीपनेस्ट आहे एवढंच मला माहितीये, तिथे काय आहे ते प्लीज कोणी लिहू नका.