वारुळावरून इमारत शिकवताना सुरुवात कुठून करावी?

रानवाट (धागा)

कीटकांकडून अभियांत्रिकी काय शिकली, हे मुलांना सांगताना झिंबाब्वेची राजधानी हरारे इथल्या ईस्टगेट सेंटर या इमारतीचे उदाहरण हमखास येते. मिक पिअर्स या वास्तुविशारदाने वाळवीच्या वारुळावरून कल्पना घेतली आणि १९९६ साली उभी राहिलेली ही इमारत नेहमीच्या वातानुकूलन यंत्रणेशिवाय थंड राहू लागली. मुलांना पुढे असेही सांगितले जाते, की वारुळात गरम हवा वरून निघून जाते आणि आतले तापमान बारा महिने एकसारखे राहते.

हा दुसरा भाग बरोबर नाही. स्कॉट टर्नर आणि रुपर्ट सोर यांनी नामिबियातील वारुळांच्या अभ्यासावरून २००८ साली मांडले, की घरट्याचे तापमान भोवतालच्या जमिनीबरोबर ऋतूंनुसार बदलते आणि वरचा मातीचा डोलारा थंडाव्यापेक्षा फुप्फुसासारखा, म्हणजे हवेच्या देवाणघेवाणीसाठी उपयोगी पडतो.

मी सातवीला विज्ञान शिकवते. आमच्या शाळेमागच्या बांधावर एक वारूळ आहे. बैलाचा धक्का लागून त्याचा कोपरा फुटला, तेव्हा दुसऱ्या सकाळी भगदाडावर ओल्या मातीचा गडद गिलावा चढलेला मुलांनी पाहिला. एका मुलीने विचारले, "बाई, याला दार नाही, खिडकी नाही, मग आतली वाळवी गुदमरत कशी नाही?" माझे मत असे, की धडा या प्रश्नापासून सुरू व्हावा आणि इमारत शेवटी यावी. आपल्याला काय वाटते?

ओळंबा

मी तीस वर्षे बांधकामात आहे आणि आपल्याशी असहमत आहे. ईस्टगेटमध्ये रात्री पंख्यांनी गार हवा आत ओढली जाते, जाड काँक्रीट तो गारवा धरून ठेवते आणि दिवसा तापलेली हवा धुराड्यांतून बाहेर पडते. हे सगळे वारुळाविषयीची समजूत चुकली तरी चालतेच, कारण इमारत भौतिकशास्त्रावर उभी आहे. मग मुलांना भौतिकशास्त्रच का शिकवू नये? एका खोक्याला दोन नळकांडी लावा, एकाखाली मेणबत्ती ठेवा आणि दुसऱ्याच्या तोंडाशी उदबत्ती धरा. धूर खाली ओढला जाऊन पहिल्या नळकांड्यातून वर येताना सगळ्या वर्गाला दिसतो. आपल्या जुन्या वाड्यांचा चौकही हवा खेळती ठेवतो, त्यासाठी नामिबियापर्यंत जायला नको.

दुसरी चिंता अधिक गंभीर आहे. "निसर्गाने केले म्हणजे ते उत्तमच असणार" ही समजूत अशा धड्यांतून मुलांच्या मनात घर करते आणि पुढे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांतही ती टिकलेली मी पाहिली आहे. मुंगी स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट ओझे उचलते, म्हणून मुंगीच्या आकाराचे यंत्र हत्तीएवढे केले तर तेही तितक्याच पट उचलेल, असे त्यांना खरोखर वाटते. आकार दुप्पट केला की वजन आठपट वाढते आणि पायाच्या छेदाचे क्षेत्रफळ मात्र चौपटच, हा हिशेब आधी शिकवायला हवा.

नाकतोडा

दोघांच्या म्हणण्यात एक गृहीत आहे, की कल्पना कीटकाकडून माणसाकडे येते. ते नेहमीच खरे नसते. युरोपात इसस नावाचा कीटक आहे, आपल्या शेतातल्या तुडतुड्यांच्या नात्यातला. त्याच्या पिल्लाच्या मागच्या दोन पायांच्या मुळाशी खरीखुरी दातेरी चाके असतात आणि ती एकमेकांत अडकल्यामुळे उडी मारताना दोन्ही पाय सेकंदाच्या तीस दशलक्षांश भागाच्या आत एकत्र हलतात. माल्कम बरोज आणि ग्रेगरी सटन यांनी हे २०१३ साली प्रसिद्ध केले. तोवर माणूस दोन हजारांहून अधिक वर्षे दातेरी चाके वापरत होता.

मुलांना त्याहून आवडेल असा भाग पुढे आहे. शेवटची कात टाकल्यावर प्रौढ कीटकात ही चाके उरतच नाहीत. पिल्लाचा दाता मोडला तर पुढच्या कातीबरोबर नवा मिळतो, प्रौढाला मात्र कात टाकता येत नाही, असे एक स्पष्टीकरण या संशोधकांनी सुचवले आहे. सुटा भाग बदलता येणार नसेल तर तो भाग ठेवावा का, हा प्रश्न सायकल दुरुस्त करणाऱ्या कोणत्याही मुलाला लगेच कळतो.

रानवाट

ओळंबा, वजनाचा हिशेब आधी शिकवावा हे मला पटले आणि यंदा मी तो आधी घेईन. खोक्याचा प्रयोगही मी करते. पण खोक्यात हवा एकाच दिशेने जाते. हंटर किंग, सॅम्युअल ऑको आणि एल. महादेवन यांनी भारतातल्या वारुळांत हवेचा वेग मोजला, तो अभ्यास २०१५ साली आला. दिवसा वारुळाच्या बाहेरच्या उभ्या कंगोऱ्यांतली हवा लवकर तापून वर चढते आणि मधल्या पोकळीतून खाली येते. रात्री हाच प्रवाह उलटतो आणि साठलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. दिवस-रात्रीच्या तापमानातल्या फरकावर पंख्याशिवाय चालणारी ही रचना आहे. ती मेणबत्तीच्या खोक्यातून सुचत नाही, त्या मुलीच्या प्रश्नातून मात्र सरळ तिथे जाता येते.

वाड्याचा चौक मी जरूर दाखवीन. मात्र त्याचे उत्तर मुलांना आधीच ठाऊक असते आणि वारुळाचे नसते, एवढाच माझा आग्रह आहे.

ओळंबा

उलटणाऱ्या प्रवाहाचा मुद्दा मी मान्य करतो. खोक्यात तो दाखवता येणार नाही. पण मग मुलांनी तो नुसता ऐकू नये, मोजावा. दोन साधे तापमापी घ्या, एक कंगोऱ्याच्या उन्हातल्या बाजूला टेकवा, दुसरा सावलीतल्या बाजूला, आणि सकाळी, दुपारी व शाळा सुटताना नोंद करा. भोकात हात किंवा काठी कोणीही घालू नये, कारण वारुळात नाग असू शकतो आणि पावसाळ्यात तर हे विशेष सांभाळावे. पंधरा दिवसांच्या नोंदी इथे टाकल्यात, तर त्यावरून सातवीला झेपेल असा आलेख कसा काढावा हे मी लिहीन.