कोरस उठतो तो कशामुळे?

कोरस म्हणजे पॉप गाण्यात पुन्हा पुन्हा येणारा मुख्य भाग. 'ड्रम्स आले, आवाज वाढला, की कोरस उठतो' असं एक मत आहे; ते मला अर्धंच पटतं. ब्रिटिश गायिका ॲडेलचं २०११ मधलं 'समवन लाइक यू' ऐका. त्यात ड्रम्स नाहीतच, नुसता पियानो आणि गळा. तरीही कोरस अंगावर येतो. कारण कडव्यात ती खालच्या सुरांत, बोलल्यासारखं गाते. कोरसला सूर वर झेप घेतो आणि अक्षरं लांबतात. पियानो मात्र सुटे सुटे स्वर वाजवतच राहतो.

आम्हा ग्वाल्हेरकरांना हे नवं नाही. आमच्या गायकीच्या घराण्यात बंदिशीचे दोन भाग, पहिला स्थायी आणि दुसरा अंतरा, दोन्ही नीट मांडायची शिस्त आहे. स्थायी बहुधा मंद्र-मध्यात, म्हणजे खालच्या-मधल्या सप्तकात, अंतरा तार षड्जाकडे, म्हणजे वरच्या 'सा'कडे. पण एक फरक फार मोलाचा वाटतो: ख्यालगायनात अंतरा झाला की आपण मुखड्यावर, म्हणजे स्थायीच्या सुरुवातीच्या ओळीवर, खाली घरी परततो. बॅलडमध्ये, म्हणजे ॲडेलच्या गाण्यासारख्या संथ, भावुक गाण्यात, घरच वर असतं. पुन्हा पुन्हा येणारी ओळ हीच सगळ्यात उंच, त्यामुळे कडवं ऐकताना मन तिची वाट बघत राहतं.

परवा ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या घरी भाची असंच एक गाणं बसवत होती. कडव्यातच सगळा जोर लावायची, मग कोरसला काही उरायचंच नाही. तिला म्हटलं, "कोरसचा वरचा सूर आधी एकदाही लावू नकोस, आणि त्याआधी अर्धी मात्रा थांब." पेटीवरची तिची बोटंही थांबली. मग ती ओळ अशी उघडली, की स्वयंपाकघरातून ताई बाहेर आली.