सोसायटीत डिझेल जनरेटरऐवजी बॅटरी बसवणे परवडेल का?

प्रश्न: सचिव, गृहनिर्माण संस्था, वाकड

नमस्कार. आमच्या संस्थेच्या छतावर ३० किलोवॉटची सौर यंत्रणा असून ती नेट मीटरिंगवर (जाळ्याला दिलेली वीज बिलातून वजा होण्याच्या पद्धतीवर) चालते. लिफ्ट, पाण्याचे पंप, सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प आणि जिन्यांतील दिवे यांसाठी सामाईक लघुदाब निवासी जोडणी आहे, आणि वीज गेली की डिझेल जनरेटर सुरू होतो. स्मार्ट मीटर बसल्यानंतर एका विक्रेत्याने १०० युनिट क्षमतेच्या लिथियम बॅटरीचा प्रस्ताव दिला आहे. दुपारची स्वस्त वीज साठवून ती संध्याकाळी वापरल्यास पाच वर्षांत खर्च वसूल होईल आणि जनरेटर विकून टाकता येईल, असे त्याचे म्हणणे आहे. काही सभासद बॅटरी तळघरातील पार्किंगमध्ये ठेवण्याच्या मताचे आहेत. सर्वसाधारण सभेपुढे विषय नेण्यापूर्वी जाणकारांचे मत हवे आहे.

उत्तर: ऊर्जा लेखापरीक्षक, नाशिक

विक्रेत्याचा हिशेब ज्या पायावर उभा आहे तोच कच्चा आहे. केंद्राच्या २०२३ च्या सुधारित ग्राहक हक्क नियमांनुसार शेतीखेरीज सर्व ग्राहकांना, स्मार्ट मीटर बसल्यावर, वेळेनुसार बदलणारे वीजदर लागू करायचे आहेत. त्यात सौर तासांतील दर नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी आणि घरगुती ग्राहकांचा सर्वाधिक मागणीच्या वेळचा दर किमान १.१० पट असावा, असे म्हटले आहे. महाराष्ट्रात घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर मिळणारी सवलत युनिटमागे साधारण ८० पैशांपासून सुरू होते. आता बॅटरीकडे पाहू. उदाहरणादाखल एका युनिट क्षमतेला २०,००० रुपये आणि आयुष्य ६,००० आवर्तने (पूर्ण भरणे आणि रिकामी होणे म्हणजे एक) धरली, तर प्रत्येक युनिट साठवून परत काढण्याचा नुसता झिजेचा खर्च ३ रुपये ३३ पैसे होतो. शिवाय साठवताना आणि काढताना दहा-बारा टक्के वीज वाया जाते ती वेगळीच. ८० पैसे वाचवण्यासाठी साडेतीन-चार रुपये खर्च करण्यात अर्थ नाही.

दुसरे असे की, नेट मीटरिंग असेपर्यंत विजेचे जाळे आपले साठवणुकीचे काम फुकटात करत आहे. दुपारी बाहेर गेलेले युनिट बिलात वजा होते आणि शिल्लक राहिली तर ती आर्थिक वर्षाच्या अखेरपर्यंत पुढे ओढली जाते. तेच युनिट बॅटरीतून फिरवले तर आपल्या हाती पूर्ण युनिट येतच नाही. दुपारी दिलेले युनिट दुपारच्याच वापरातून वजा करण्याचा, म्हणजे वेळेनुसार समायोजनाचा, नियम घरगुती ग्राहकांना कडकपणे लागू झाला, तर हा हिशेब नव्याने मांडावा लागेल, हे मात्र खरे.

मागणी आकार वाचेल असे कोणी सांगत असेल, तर तो मुद्दा उच्चदाब किंवा मोठ्या व्यापारी जोडणीसाठी आहे. तेथे महिन्यातील कमाल मागणीवर आकारणी होते आणि अर्ध्या तासाचा एखादा उंचवटा बॅटरीने कापला तरी मोठी रक्कम वाचू शकते. आपली जोडणी लघुदाब निवासी असल्याने तो लाभ जवळपास शून्य आहे.

उरते ते डिझेल, आणि खरा विचार तेथेच करावा. चांगल्या भारावर जनरेटर एका लिटरमध्ये सुमारे तीन युनिट देतो, कमी भारावर त्याहूनही कमी. म्हणजे डिझेल लिटरला ९० रुपये धरले तर युनिट ३० रुपयांना पडते. म्हणून मला एकच गोष्ट सांगा: जनरेटरच्या नोंदवहीप्रमाणे तो महिन्याला किती तास चालतो, आणि तेव्हा अत्यावश्यक भार किती असतो?

प्रतिसाद: सचिव, वाकड

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. नोंदवहीनुसार महिन्याला सरासरी दहा तास, आणि लिफ्ट, दिवे व एक पंप मिळून सुमारे १५ किलोवॉट. विद्युत वाहनांच्या चार्जिंगची मागणीही वाढते आहे, त्यासाठी बॅटरी उपयोगी पडेल का, हेही कृपया सांगावे.

उत्तर: ऊर्जा लेखापरीक्षक, नाशिक

मग महिन्याला १५० युनिट झाले. बॅटरी भरण्याच्या विजेचा खर्च वजा करून युनिटमागे वीस रुपये वाचले तर महिन्याला ३,००० आणि वर्षाला ३६,००० रुपये. दोन-अडीच तास पुरेल अशी ४० युनिटची बॅटरी घेतली तरी वरच्याच भावाने ८ लाख रुपये होतात, आणि त्यात इन्व्हर्टर धरलेला नाही. वसुलीला बावीस वर्षे लागतील; तोवर बॅटरी टिकणार नाही. जेथे महिन्याला चाळीस तास वीज जाते, तेथे हाच हिशेब सहा वर्षांच्या आत बसतो. आवाज आणि धूर नको म्हणून बॅटरी घ्यायची असेल तर अवश्य घ्यावी, पण सभेला तसे स्पष्ट सांगावे.

उत्तर: निवृत्त वीज वितरण अभियंता, ठाणे

हिशेब बरोबर आहे, पण एक गोष्ट त्यात सुटली. जाळ्याशी जोडलेला साधा सौर इन्व्हर्टर वीज जाताच सुरक्षिततेसाठी आपोआप बंद पडतो, कारण दुरुस्तीसाठी तारांवर काम करणाऱ्या माणसाला छतावरून आलेल्या विजेचा धक्का बसता कामा नये. त्यामुळे भर उन्हात वीज गेली तरी आपले ३० किलोवॉट निरुपयोगी ठरतात. इमारतीला जाळ्यापासून तोडून स्वतःचा व्होल्टेज उभा करणारा हायब्रिड इन्व्हर्टर आणि लहान बॅटरी असेल, तर दिवसा सौर यंत्रणाच भार उचलते आणि बॅटरी छोटी घेतली तरी चालते. मात्र पंपाची मोटर थेट सुरू केल्यास क्षणभर सहा-सात पट प्रवाह ओढते. सॉफ्ट स्टार्टर किंवा व्हीएफडी (मोटर हळूहळू सुरू करणारी उपकरणे) न बसवता इन्व्हर्टरची क्षमता ठरवली, तर पहिल्याच पंपाला तो ट्रिप होईल.

वाहनांसाठी बॅटरी घेण्याआधी चार्जिंगच्या वेळा ठरवा. एकाच वेळी सर्व चार्जर पूर्ण ताकदीने न चालवता भार वाटून देणारे नियंत्रक मिळतात, आणि ते बॅटरीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतात.

बॅटरी जाळ्याला भाड्याने देऊन उत्पन्न मिळेल, असेही विक्रेते सांगतात. अमेरिकेतील व्हर्मॉन्ट राज्यात ग्रीन माउंटन पॉवर ही वीज कंपनी २०१७ पासून ग्राहकांच्या घरांतील बॅटऱ्या मागणी वाढली की एकत्र वापरते, कारण त्या तासांत तिचा स्वतःचा खर्च वाचतो. दिल्लीत रोहिणीच्या उपकेंद्रात २०१९ मध्ये १० मेगावॉटची बॅटरी बसली, पण ती वितरण कंपनीच्या बाजूची आहे, ग्राहकाच्या नव्हे. आपल्या संस्थेला अशा सेवेचे पैसे देणारा करार हातात येत नाही, तोवर ते उत्पन्न हिशेबात धरू नये.

उत्तर: अग्निसुरक्षा सल्लागार, मुंबई

तळघराचा विचार कृपया सोडून द्यावा. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकार तुलनेने सुरक्षित आहे हे खरे, पण तो पेट घेतच नाही हा समज चुकीचा आहे. एप्रिल २०२१ मध्ये बीजिंगच्या फेंगताई भागात एका व्यापारी संकुलाच्या सौर साठवणूक केंद्रात याच प्रकारच्या बॅटऱ्यांचा स्फोट होऊन अग्निशमन दलाचे दोन जवान मृत्युमुखी पडले. बिघडलेल्या सेलमधून ज्वलनशील वायू बाहेर पडतो, आणि बंदिस्त तळघरात तो साचून राहतो. बॅटरी जमिनीच्या पातळीवर, हवेशीर आणि बाहेरून थेट पोहोचता येईल अशा स्वतंत्र खोलीत, सावलीत ठेवावी. चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात तिचे आयुष्यही वेगाने घटते.

जनरेटर विकण्याची घाई नको. उंच इमारतीतील अग्निशमन पंपाला पर्यायी वीजपुरवठा लागतो, आणि ना-हरकत दाखल्याच्या वेळी साधारणपणे जनरेटरच दाखवलेला असतो. खरेदी केलीच तर आयईसी ६२६१९ (लिथियम बॅटरीच्या सुरक्षिततेचे आंतरराष्ट्रीय मानक) प्रमाणपत्र मागावे, हमी वर्षांबरोबर आवर्तनांत आणि उरलेल्या क्षमतेच्या टक्केवारीत लिहून घ्यावी, आणि २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुनी बॅटरी परत नेण्याची जबाबदारी कोण घेणार, हे करारातच नमूद करून घ्यावे.